मेणाच्या वडीबरोबर चार दिवस कोल्हापुरात

आमच्या गावातली माणसं काशीला जाऊन आली, रामेश्वरला जाऊन आली. एक जण पोराकडं दुबईला जाऊन आला आणि वर्ष झालं तेच सांगतोय. मी कोल्हापूरला जाऊन आलो. राधानगरीकडच्या माणसानं कोल्हापूरला जाण्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला मी स्वतः शंभरदा गेलोय. पण ह्या खेपेला एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर जे बघितलं, ते आमच्या गावात कुणी बघितलेलं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, म्हशी राखणारा. समजलं तेवढं लिहितो. चुकलं असलं तर शिकलेल्यांनी सुधारून घ्यावं.

आधी गेलो कशाला ते सांगतो. माझी बायको शालन गेल्या वर्षी गेली. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. तिचा थोरला भाऊ ह्याच दुखण्यानं गेला होता, तरणाताठा. शालनचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत आमची एकुलती एक मुलगी मंगल हिच्या पोटात दुखायला लागलं. मंगल शिरोळकडं दिलीय. दुखणं पित्ताचं निघालं, गोळीनं थांबलं. पण डॉक्टरांनी माहेरची हकिगत विचारली, आणि मामा गेला, आई गेली हे ऐकून पेन खाली ठेवलं. म्हणाले, काही घराण्यांत हा रोग वारशानं येतो. तसा असला तर मुलीला जन्मभर जपावं लागेल, तिच्या पोरांनाही. नसला तर एवढा घोर करायचं कारण नाही. आणि हे कळायला मुलीला नव्हे, आधी तिच्या आईला तपासलं पाहिजे.

"आई कुठनं आणू?" मी म्हटलं. "वर्ष होत आलं जाळून."

तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा तुकडा दवाखान्यात मेणात बसवून जपून ठेवतात. मी दोन खेपा घातल्या, अर्ज केला, आणि ती वडी माझ्या हातात आली. काडेपेटीपेक्षा लहान. जाळीच्या प्लास्टिकच्या चौकटीवर पांढरं मेण, आणि मेणात नखाएवढा करडा डाग. तेवढीच शालन.

डॉक्टरांचं ते बोलणं ऐकल्यापासनं मंगलला घास गिळवेना. मऊ भात तेवढा खायची. पोरांकडं बघून उठून जायची. मी म्हटलं, आता वाट बघण्यात अर्थ नाही, डॉक्टरांनी सांगितलेल्या कोल्हापूरच्या प्रयोगशाळेत वडी स्वतःच घेऊन जातो.

सोमवार

सकाळी धारा काढून म्हशी भावकीच्या ताब्यात दिल्या. उन्हाळ्याचे दिवस, वाटेत मेण पाघळेल म्हणून ती वडी ओल्या फडक्यात गुंडाळून लोणी न्यायच्या डब्यात ठेवायची ठरवली. पण ठेवताना हात थांबला. शालन सवाष्ण गेलेली बाई. जिवंतपणी घरातनं कधी रिकाम्या कपाळानं बाहेर पडली नाही. हे काम बायकांचं, पण माझ्या घरात बाई कोण राहिलीय? आणि कपाळ तरी कुठं शोधायचं? मग त्या करड्या डागावरच अंगठ्यानं दाबून हळद लावली, वर कुंकू टेकवलं आणि निघालो.

भोगावतीच्या कडेकडेनं रस्ता. नदीत म्हशी डुंबत होत्या, ऊस तुटून गेलेल्या रानात पाचट पेटवलेलं होतं. एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाचं लक्ष माझ्या मांडीवरच्या डब्यावर.

"पावणं, लोणी व्हय? कसं दिलं?"

"द्यायचं न्हाय."

"आवो, दावा तरी. म्हशीचं हाय का गाईचं?"

"बायको हाय," मी म्हटलं.

त्यानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. पुढं एकही बाक रिकामा नव्हता, तरी उठला आणि दांडीला धरून उभा राहिला. कोल्हापूर येईपर्यंत अख्खा बाक आम्हा दोघांचा.

प्रयोगशाळा म्हणजे मला वाटलं होतं धूर निघणाऱ्या नळ्या असतील. तसलं काही नव्हतं. चप्पल बाहेर काढून आतली घालायची, हे मला आवडलं. आत रंगाच्या दुकानासारखा वास आणि पंख्याचा पत्ता नाही. वारं आलं तर कातरलेले काप उडतात म्हणे. माझं काम बघायला नेमलेल्या बाईचं नाव गिरिजा. गडहिंग्लजकडची पोरगी, तिशीची असेल, पण शिक्षण एवढं की मी तिला मॅडमच म्हणायचो. तिनं मला आल्या आल्या अज्जा केलं. त्यांच्याकडं आजोबाला अज्जा म्हणतात.

तिनं डबा उघडला, फडकं उलगडलं आणि दोन पावलं मागं सरली.

"अज्जा! हे काय केलासा?"

"हळदकुंकू."

"वडीवर?"

"मग कुठं लावू? कपाळ दावा, तिथं लावतो."

हसावं का ओरडावं ह्याच्या मधेच पोरगी अडकली. मग दोन्ही केलं. उन्हानं मेण मऊ झालं होतं, त्यात माझा अंगठा रुतला होता आणि हळद खोल गेली होती. ती म्हणाली, दवाखान्यानं आधीच बरेच काप काढलेत, मुळात तुकडा थोडा उरलाय, आता वरचा हळदीचा थर खरवडण्यात आणखी जाणार. पुढं पुरेल का नाही सांगता येत नाही.

लेकीच्या जिवासाठी आलो होतो आणि स्वतःच्या अंगठ्यानं घाण करून ठेवली होती. माझं तोंड बघून असेल, तिनं आवाज खाली आणला. "या हिकडं, एक गंमत दावतो," म्हणाली. काही गडहिंग्लजकडच्या बायका अशाच बोलतात, 'दावतो', 'जातो', पुरुषासारखं.

तिनं मेणावरची चिमूटभर हळद खरवडून काचेच्या पट्टीवर घेतली, मला एका अंधाऱ्या खोलीत नेलं आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. त्यातनं जांभळट निळा उजेड सोडला. बघायला वाकलो तर आधी माझ्याच पापण्या दिसल्या. ती म्हणाली, डोळा जरा लांब धरा. धरला. काळ्याभोर अंधारात हिरवे-पिवळे निखारे! दिवाळीत शेतावरनं गावाकडं बघावं तसं.

"ही आपली हळद?"

"व्हय. हळद अशा उजेडात स्वतःच चमकती. आमच्या दुसऱ्या कामात आम्ही असलाच चमकणारा रंग मुद्दाम बांधून पेशीत सोडतो. जिथं चमकलं तिथं आमची वस्तू हाय असं समजायचं. आता तिथं हळद सांडली तर खरं कुठलं नि हळद कुठली, वळखायचं कसं?"

पासष्ट वर्षं हळद खातोय, पिवळीच असते समजत होतो. हे आमच्या गावातल्या दुबईवाल्यानं बघितलंय का?

संध्याकाळी, मंगळवार पेठ

मुक्काम मंगळवार पेठेत मेव्हण्याकडं होता. शालनचा धाकटा भाऊ बाळू. साठी आलीय, पण मला तो बाळूच. पिठाची गिरण चालवतो, त्यामुळं त्याच्या भुवया बारा महिने पांढऱ्या. थोरला भाऊ गेला, बहीण गेली, राहिला हा एकटा. म्हणजे वडीत जे निघेल त्यात ह्याचाही वाटा होता, आणि गड्यानं महिनाभर मटण सोडलं होतं.

"दाजी, मुगाची डाळ खाऊन खाऊन माणूस मरत न्हाय, पण जगल्यासारखं बी वाटत न्हाय," म्हणाला.

त्यानं मला चालत गंगावेशीत दूध प्यायला नेलं. हे मात्र आमच्याकडं नाही. रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या, गिऱ्हाईकाच्या समोर धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. मोटारीतनं आलेली माणसं ओठाला पांढऱ्या मिशा लावून उभी. आम्ही खेड्यातली माणसं पहाटे उठून दूध काढतो, घागर डेअरीला घालतो आणि स्वतः कोरा चहा पितो. मी एक पेला प्यालो. म्हैस चांगली होती, पण पुढच्या सडाला हात नीट लागत नव्हता. मी तसं सांगितलं. दूधवाला म्हणाला, "आजोबा, पिताय का शिकवताय?" बाळू खो खो हसला.

मंगलचा फोन आला. "आबा, काय कळलं?"

"आजून न्हाय."

हळदीचं मी तिला सांगितलं नाही.

मंगळवार

आज काप काढायचा दिवस. वडी बर्फावर ठेवून गार केली होती. काप काढायच्या यंत्राला हाताचं चाक असतं, रसवंतीच्या चरकासारखं, पण लहान. चाकाचा एक फेरा की पात्यावर एक काप. केवढा पातळ म्हणाल, तर फुंकर लागली तरी गेला. कोमट पाण्याच्या परातीत सोडला की पसरतो. दुधावरची साय बोटानं अलगद उचलतात तशी गिरिजा मॅडम तो काप काचेच्या पट्टीवर झेलून घेत होती. शालनचा हात असाच होता साय काढताना.

पहिले फेरे सगळे पिवळे निघाले. ते वाया. पुढचेही कडेनं पिवळे. मी श्वास धरून बसलेलो.

"अज्जा, श्वास घ्या. तुम्ही पडलासा तर मला काम थांबवावं लागंल."

तिला सहा काप पाहिजे होते, चार मुख्य तपासाला आणि दोन पडताळणीला. सहा चांगले मिळाले. सातवा निघाला तो फाटका, अर्धाच. टाकून देणार होती, मग काय वाटलं कोण जाणे, तोही एका काचेवर घेतला आणि बाजूला ठेवला. त्याच्यानंतर वडीत नुसतं मेण राहिलं.

मग मी तिला सरळ विचारलं की ह्यात तुम्ही बघणार काय. तिनं जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. अंगातली प्रत्येक पेशी स्वतःची नक्कल काढत असते. नक्कल काढताना चुका होतात. त्या चुका दुरुस्त करायला चार गडी नेमलेले असतात. काही घराण्यांत जन्मापासनं त्यातला एक बेभरवशाचा असतो. तसल्या माणसाच्या गाठीत बघितलं तर तो गडी नसतोच. म्हणून गाठीत चौघांची हजेरी घ्यायची, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम घेतो तशी. चारी हजर असले, तर ती वारशाची जात नव्हे.

"पण एवढ्याशा तुकड्यात गडी दिसणार कसा?"

"वळखणारा सोडायचा. प्रतिपिंड म्हणतात त्याला. तुम्ही म्हशीला लाळ-खुरकुताची लस टोचतासा न्हवं? मग म्हशीचं रक्त त्या रोगाला वळखाया शिकतं. तसं ह्या गड्याला सशात टोचायचं. सशाचं रक्त त्याला वळखाया शिकतं. त्या रक्तातनं वळखणारा काढून घ्यायचा. चार गडी, चार वळखणारे."

"आणि रंग?"

"रंग शेळी आणती."

"शेळी?"

"सशाला वळखणारा शेळीत तयार करतात. त्याच्या पाठीला रंग काढणारी वस्तू बांधलेली असती. ससा गड्याला धरतो, शेळी सशाला धरती, आणि तिथं तपकिरी डाग उमटतो."

हे मला बिल्ल्यासारखं वाटलं. आमच्या म्हशींच्या कानात पिवळे बिल्ले मारलेत, लांबनं दिसतात. पण एक शंका राहिली. ती एकेका काचेवर थेंब टाकत होती. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली.

"मॅडम, रंग सशाच्याच पाठीला का बांधत न्हाईसा? मधी शेळी कशाला घुसवायची?"

"एका सशाला चार-पाच शेळ्या चिकटतात, अज्जा. तेवढा रंग जास्त."

"एका सशावर पाच शेळ्या! सशाचं काय हुतंय मग?"

एवढी हसली की डोळ्यांना पाणी आलं. चष्मा पुसला, काचांच्या डब्यात ओलं फडकं घातलं, झाकण लावलं आणि डबा थंड कपाटात ठेवला. रात्रभर ससे मुरू द्यायचे म्हणे.

संध्याकाळी बाळूला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजी माझ्या बहिणीच्या पोटात आता ससे बी हायत आणि शेळ्या बी. हयात असती तर त्यांना चारा कोण घालणार म्हणून भांडली असती." आम्ही दोघं गिरणीच्या पायरीवर बसून हसलो. गिरण बंद होती तरी पीठ उडत होतं.

बुधवार

दुपारी बोलावलं होतं, मी सकाळीच गेलो. वाटेत लोणी डोसा खाल्ला. आमच्याकडं लोण्याला घरात मान असतो, हिथं तव्यावर फेकतात. पण चव खोटी म्हणणार नाही. दोन खाल्ले.

शेळ्या सोडून झाल्या होत्या, तपकिरी रंग चढला होता, आणि बाकी सगळं दिसावं म्हणून वर फिकट निळा दिला होता. पहिली काच बघायला मला बोलावलं. ह्या खेपेला डोळा लांब धरला. निळं रान, आणि रानभर तपकिरी टिपके, तीळ पेरल्यासारखे. एकही वाफा रिकामा नाही.

"पहिला गडी हजर," गिरिजा मॅडम म्हणाली.

दुसरा हजर. तिसरा हजर. मी मनात मंगलला फोन लावून ठेवला होता.

चौथी काच लावली. ती बघत राहिली. मग बाजूला सरली. मी वाकलो. सगळं निळं. कुठं म्हणून एक तपकिरी ठिपका नाही.

मंगलची दोन पोरं डोळ्यांपुढं आली. मी टेबल धरलं आणि म्हटलं, "चौथा न्हाय."

"थांबा. घाईनं बोलू नका." तिनं काच जरा सरकवली. "ह्या काचेवर कडेला दुसऱ्या कुणाच्या तरी अपेंडिक्सचा तुकडा लावलाय. त्यात चारी गडी असतात हे आम्हाला पक्कं माहीत हाय. तो साक्षीदार. आता बघा."

बघितलं. तोही निळाच.

"म्हंजी?"

"म्हंजी तुमच्या कारभारणीचा गडी गैरहजर हाय असं न्हाय. हजेरीच घेतली न्हाय." ती खुर्चीत बसली. कालची वही उघडली. प्रत्येक थेंबापुढं खूण करायची त्यांची रीत. तीन खुणा होत्या. चौथी नव्हती. "काल तुम्ही शेळीचं विचारलासा, मी हसत बसलो, आणि चौथ्यावर ससा सोडायचाच राहिला. माझी चूक."

माझ्या रागाची गावात ख्याती आहे. चार शब्द जिभेवर आले होते. पण हळद कुणी लावली होती? ते गिळले. आणि एवढ्या शिकलेल्या बाईनं चौथी नापास म्हाताऱ्याला तोंडावर चूक सांगितली, हे मी आजवर कुठल्या कचेरीत बघितलं नव्हतं.

चुकलं. मी चौथी पास आहे. नापास पाचवी.

"आता काप कुठला?" मी विचारलं. पडताळणीचे दोन कालच वापरून झालेले, आणि वडीत तर नुसतं मेण.

"तो फाटका हाय की. अर्धा."

तिनं तो फाटका काप घेतला आणि पहिल्यापासनं सुरुवात केली. त्या दुपारी मी तोंड उघडलं नाही. तिनं पाणी विचारलं, मी मान हलवली. चहा विचारला, मान हलवली. थेंब पडला, वहीत खूण झाली, ती तिनं मला बोटानं दाखवली. झाकण लागलं तेव्हा कुठं म्हटलं, "जातो."

फोनवर मंगल म्हणाली, "आबा, काय तरी लपवतासा."

"आजून न्हाय कळलं. उद्या."

"वाईट असलं तर सांगून टाका. हे असं राहवत न्हाय."

मी म्हटलं उद्या म्हणजे उद्या, आणि फोन ठेवला. बाळूनं त्या दिवशी मुगाच्या डाळीची चेष्टासुद्धा केली नाही.

गुरुवार

आज बाळू बरोबर आला. गिरण बंद ठेवून, भुवया धुऊन. जिन्यात त्यानं मला विचारलं, "दाजी, समजा निघालं तर पहिलं काय करायचं?" मी म्हटलं, "पहिलं वर चढायचं. तिसरा मजला हाय."

गिरिजा मॅडम सूक्ष्मदर्शकापाशी होती, शेजारी सही करणारे डॉक्टर, पिकल्या केसांचे. त्यांनीच आधी बघितलं. बघताना माणूस एवढा वेळ का लावतो? एकदा साक्षीदार बघितला, एकदा आमचा काप, परत साक्षीदार. मग उठले आणि हातानं मला बसायची खूण केली.

बसलो. पापण्या दिसल्या. मग काप दिसला, फाटक्या पदरासारखी त्याची कड, आणि त्या कडेपर्यंत तपकिरी. गच्च.

"चौथाही आहे," डॉक्टर म्हणाले. "चारी आहेत. ही वारशाची जात दिसत नाही."

बाळूनं माझ्या पाठीत एवढ्या जोरात हात मारला की माझं नाक नळीवर आपटलं. "दाजी! सुटलो की!"

डॉक्टरांनी त्याला तिथंच थांबवलं. सुटलो म्हणजे चौखूर उधळायचं नाही. घरात दोघांना झालंय, तेव्हा मुलीनं आणि तुम्ही एकदा दुर्बिणीनं आतडं तपासून घ्यायचं. रिपोर्ट नीट लिहून तुमच्या डॉक्टरांकडं देतो.

"दुर्बीण?" बाळू म्हणाला. "कुठनं घालत्यात?"

डॉक्टरांनी सांगितलं. बाळूचा चेहरा परत पिठासारखा झाला. गिरिजा मॅडम तोंड फिरवून हसली.

निघताना तिनं विचारलं, ह्या काचा इथं ठेवू का, नवीन पोरांना शिकवायला उपयोगी पडतील, नाव झाकलेलं असेल. तुम्ही नको म्हणालात तर तसं लिहून घेतो.

"ठेवा की," मी म्हटलं. "शाळेची पायरी चढली न्हाय ती कधी. आता पोरांना शिकवू दे."

मी कागदावर सही केली. गिरिजा मॅडमनं वाकून पाया पडायला घेतलं, मी मागं सरलो. तिनं मंगलचं काम दोनदा केलं होतं, पाया कुणी कुणाच्या पडायचं?

बाळू म्हणाला, आधी मटण. मी म्हटलं, तू खा, मी शिरोळला जातो. मंगलचा फोन वाजत होता. तो मी घेतला नाही, बंद करून खिशात ठेवला. हे फोनवर सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. कुणालाही वाटलं असतं की बरं काम करतोय.

शिरोळकडं माती काळी, रस्ता सरळ, दोन्ही अंगाला ऊस आणि घराघरापुढं ट्रॅक्टर. आमच्या डोंगरातल्या माणसाला एवढं सपाट बघून उघड्यावर बसल्यासारखं वाटतं. भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते, तिच्यावर माणसं नवीन रंग देतात आणि राहतात. उन्हं कलायच्या बेताला मी मंगलच्या दारात पोचलो.

ती उंबऱ्यावर बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही.

"फोन बंद का केलासा?" आवाज असा की शेजारची बाई खिडकीत आली. "सकाळपासनं हितं बसलीया. बाळूमामाचा बी लागंना. फोन बंद केला म्हंजी मी काय समजायचं, आबा? काय समजायचं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बंद फोनचा अर्थ तिनं एकच लावला असणार.

"चारी हायत," मी म्हटलं.

"काय?"

"चारी गडी हजर. तुझ्या आईकडनं तुला ते आलेलं न्हाय. पोरांना बी न्हाय. डॉक्टरनं माझ्यासमोर सांगितलं. दुर्बिणीचं एकदा बघून घ्यायचं, बास."

ती उठली आणि दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली, लहानपणी मारायची तशी. शेजारच्या बाईला वाटलं भांडण पेटलं, ती धावत आली आणि मधे पडायला लागली. तिला बाजूला करून मंगल परत मारायला लागली. मी उभा राहिलो. मग तिचे हात थांबले आणि डोकं तिथंच टेकलं.

"फोनवर सांगायला काय झालतं?"

"फोनवर कसं सांगू? तुझ्या आईला बघून आलोय."

तिनं मान वर केली. "कशी हुती?"

वर्षभर लोक मला शालन गेली कशी, तेवढंच विचारत होते.

"चांगली हुती," मी म्हटलं. "कामात हुती."

मंगलनं पदरानं तोंड पुसलं.

"जेवलासा?"

"न्हाय."

"मी बी न्हाय," म्हणाली, आणि आत जाऊन तिनं भाकरीची परात काढली.